आईच्या गाडीतली माणसं

फोटो टेबलावर ठेवून मधला भाऊ मागे सरकला, तशा दोन्ही बहिणींच्या आणि वहिनीच्या माना एकदम पुढे गेल्या आणि एकदमच मागे आल्या.  पडद्यापलीकडे दुकानातली घड्याळं आपापल्या मर्जीनं टिकटिकत होती. बाबांच्या दुकानात कुठल्याही दोन घड्याळांचं आपसात पटत नसे. धाकटी म्हणायची, घराण्याचा गुण उचललाय.

"हा कोण?" शेवटी वहिनीनंच विचारलं.

फोटोत आई होती. तीस वर्षांचीही नसेल. अंगात ढगळ लष्करी जाकीट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मागे रुग्णगाडीचं चिखलानं माखलेलं दार. आणि तोंड उघडं टाकून ती हसत होती, अगदी पडजीभ दिसेल असं. तिचा एक हात शेजारच्या किडकिडीत माणसाच्या खांद्यावर होता. तो माणूसही हसत होता, डोळे गच्च मिटून.

तो माणूस म्हणजे बाबा नव्हेत, एवढं मात्र चौघांनाही दिसत होतं. युद्धाच्या वेळी बाबा इथेच होते, याच दुकानात. त्यांचा पाय जन्मापासून अधू, त्यांना पलटणीत कोण घेणार? आईला मात्र तिच्या वडिलांच्या दूधगाडीमुळे मोठी गाडी चालवता यायची. सरकारनं ड्रायव्हर मागितले तेव्हा ती गेली. तीन वर्षांच्या थोरलीला बाबांच्या हवाली करून दीड वर्ष सरहद्दीवर जखमी वाहत राहिली.

"कोण का असेना," मधला म्हणाला. तो हेडमास्तर होता आणि घरातही प्रार्थनेनंतर सूचना द्याव्यात तसा बोलायचा. "प्रश्न असा आहे की संघटनेला आईचा फोटो हवाय. एकटीचा. माजी सैनिकांच्या त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच एका बाईचा फोटो लागणार आहे. तिथले सगळे फोटो एकेकट्याचे आहेत. स्टुडिओवाला हा अर्धा कापून मोठा करून देईल." त्यानं एक पाकीट घेतलं आणि त्या माणसावर आडवं ठेवलं.

"दादा, आईचा पंजा गेला," धाकटी म्हणाली. "थोटी करून टांगणारेस का तिला?"

मधल्यानं पाकीट जरा सरकवलं. पंजा आला, पण त्याबरोबर परका खांदा आला आणि वर एक कानही आला.

"आता नुसता कान," धाकटी म्हणाली. "लोक विचारतील, बाईंच्या शेजारचा हा कान कुठल्या पलटणीचा?"

वहिनीला हसू आवरेना. तिनं ओठ दाबून चहाचे कप गोळा करायला घेतले. धाकटीचं औषधांचं दुकान होतं. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिची जीभ तिखट झाली होती, पण मनात काही नसायचं.

थोरली हसली नाही. ती त्या हसणाऱ्या तोंडाकडे बघत होती. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात तिनं आईला असं हसताना एकदाही पाहिलं नव्हतं. ओठांच्या कडेनं हसायची, कुणी विनोद केला तर मान हलवायची. पण हे असं?

"लावूच नका," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कापूही नका आणि लावूही नका. आई त्या युद्धाबद्दल कधी चकार शब्द बोलली का? मग तिच्या माघारी भिंतीवर टांगून काय दाखवायचंय? पोरगी घरी टाकून कुठे कुणाबरोबर हसत होती ते?"

खोलीतली हवाच बदलली. वहिनी कप तसेच ठेवून स्वयंपाकघरात गेली.

"ताई, तोंड सांभाळून बोल," धाकटी म्हणाली. गेल्या महिन्यात बाबांनी एकटं राहावं की मधल्याकडे जावं यावरून वाद झाला होता, तेव्हा या दोघी बहिणी एकीकडे होत्या. आज ती फळी फुटली. "ती माझीही आई होती."

"तुझी युद्धानंतरची. तुमच्या दोघांची. शाळेतून येईपर्यंत दारात उभी राहणारी. एक दिवस सकाळी मी बघते तर माझी आई घरात नव्हती. जाताना सांगूनसुद्धा गेली नाही. परत आली तेव्हा मी बाबांच्या पायामागे लपले आणि तिला 'बाई' म्हणाले, माहितीये? 'बाई, तुम्ही कोण?'"

हे दोघांनाही माहीत होतं. घरातल्या प्रत्येक भांडणात हे वाक्य कधी ना कधी येऊन बसायचंच. पण आई गेल्याला अजून वर्ष झालं नव्हतं आणि आज ते जरा जास्तच टोचलं.

मधल्यानं घसा साफ केला. "ताई म्हणते त्यातही तथ्य आहे. उगाच चर्चा नको. आपण नंतरचा एखादा साधा फोटो देऊ. लग्नातला वगैरे."

"वा!" धाकटी उसळली. "गाडीवाल्या बाईच्या सन्मानाला लग्नातला फोटो! तुम्हाला दोघांना आईपेक्षा लोकच जास्त दिसतात."

तेवढ्यात पडदा सरकला. बाबा हात पुसत आत आले, खुर्चीच्या पाठीला धरून हळूच बसले आणि फोटोवरचं पाकीट उचलून बाजूला ठेवलं.

"फोटो आहे तसाच जाईल," ते म्हणाले. "अध्यक्षांशी माझं बोलणं झालंय. हा कंपाउंडर. गाडी ती चालवायची, मागे जखमींजवळ हा बसायचा. दोघांमध्ये हाताएवढी खिडकी. हा फोटो काढला तेव्हा ती मागे बसलेल्या माणसाशिवाय काही गाडी चालवत नव्हती. मग भिंतीवर एकटी कशी जाईल?"

"बाबा, पण तुम्हाला..." मधला अडखळला. शाळेत हजार पोरांना दटावणारा माणूस बापापुढे शब्द शोधू लागला. "तुम्हाला काही वाटत नाही?"

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते गालातल्या गालात हसले. "असं होय! अरे, दरवर्षी त्याचा दुकानात फोन येतो. युद्ध संपलं त्या दिवशी. 'ठीक आहे ना?' एवढंच विचारतो. मी म्हणतो, ठीक आहे. मग तो त्याच्या गुडघ्यांबद्दल सांगतो, मी माझ्या पायाबद्दल. तुमची आई बाजूच्या खोलीत बसून सगळं ऐकायची आणि ऐकत नाही असं दाखवायची."

"मग ती स्वतः का नाही बोलायची?" धाकटीनं विचारलं.

"म्हणायची, त्याला भेटले की ते सगळेच भेटतील." बाबा उठले. "त्याला मी शनिवारी कार्यक्रमाला बोलावलंय. तिच्या जाण्याची बातमी फोनवर दिली तेव्हा बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. या वेळी म्हटलं, आता या. आता कुणाला त्रास व्हायचा नाही."

थोरली उठून दुकानात गेली. काउंटरपाशी उभं राहून ती रस्त्याकडे बघत राहिली. समोरच्या पायऱ्यांवर एक बाई छत्री वाळत घालत होती. मागून बाबांच्या चालण्याचा तो ओळखीचा आवाज आला, एक पाऊल पूर्ण, एक अर्धं.

"पोरी, कार्यक्रमात घरच्या कुणीतरी दोन शब्द बोलायचेत. तू बोल."

"मी? मधला चार पानं लिहून तयार असेल."

"असेल. पण तू थोरली."

"बाबा, मला काय माहीत आहे तिच्याबद्दल? लोकांचे गणवेश शिवते मी. कापड हातात आलं की कळतं कुठे ताणेल, कुठे आटेल. तिचं मला कधी कळलंच नाही. मी शिवणाच्या वर्गातून पहिलं बक्षीस आणलं तेव्हाही तिनं नुसता डोक्यावरून हात फिरवला. काही बोलली असती तर बिघडलं असतं का?"

बाबा काही म्हणणार तोच एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या गजराचं घड्याळ भलत्याच वेळी वाजून घर उठवत होतं. बाबांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. थोरलीनं पिशवी उचलली.

"येईन मी शनिवारी," जाताना ती म्हणाली. "तुमचा हात धरायला. बोलायला नाही."

*

हॉल म्हणजे एक लांबलचक खोली होती. एका भिंतीला फोटोंची रांग, सगळ्या एकसारख्या चौकटी, सगळ्यांत ताठ माना आणि मिटलेली तोंडं. रांगेच्या शेवटी एक चौकट कापडानं झाकलेली. लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं बसली होती. कुणाच्या कोटावर पदकं, कुणाच्या कानात यंत्र, एकाची बाही खांद्यापासून दुमडून पिन लावलेली. कोपऱ्यात चहाची किटली खदखदत होती आणि माईक तपासणारा माणूस "हॅलो, हॅलो" करून सगळ्यांना उगाचच दचकवत होता.

मधला नव्या कोटात होता. खिशात भाषण होतं आणि दर दोन मिनिटांनी तो ते आहे ना, हे चाचपत होता.

बाबांना अध्यक्षांनी बाजूच्या छोट्या खोलीत बसवलं. तिथेच तो आला. फोटोतला माणूस, पण पुष्कळ धुतल्यावर कापड आटावं तसा आटलेला. एका हातात काठी, दुसऱ्या काखेत घरून आणलेली उशी. दारातच थांबून त्यानं बाबांचा पाय पाहिला.

"घड्याळजी," तो म्हणाला.

"कंपाउंडर," बाबा म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांची ओळख, आणि समोरासमोर मात्र पहिल्यांदाच बघत होते.

"फोनवर तुम्ही उंच वाटायचात," बाबा म्हणाले.

"उंच होतो. बसमध्ये वाकून वाकून आलो ना, त्यात गेली उंची." कंपाउंडरनं उशी खुर्चीवर ठेवली आणि तीवर सावकाश बसला. मग मधल्याकडे पाहून म्हणाला, "हा नंतरचा. हनुवटी तिची." धाकटीकडे पाहिलं. "हीही नंतरची." आणि मग थोरलीवर त्याची नजर थांबली. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे पेरणारी तू?"

"काय?"

"भिंग पेरणारी. कुंडीत."

थोरलीनं बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"मला काही माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही?" कंपाउंडर चकित झाला. "अगं, अख्ख्या पलटणीला माहीत आहे! बस, बस अशी." त्यानं शेजारची खुर्ची काठीनं पुढे ओढली. "हे बघ. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. मागे चार चार माणसं आडवी. रक्त गेलेलं, वर थंडी, आणि अशा माणसाला झोप येते. ती झोप वाईट. माझे दोन्ही हात पट्ट्या दाबण्यात गुंतलेले. मी खिडकीतून ओरडायचो, बाई, हा झोपतोय! की तुझी आई सुरू. मान न वळवता, मोठ्यानं. 'ऐका रे, माझी पोरगी तीन वर्षांची आहे. तिचा बाप घड्याळजी. डोळ्याला भिंग लावतो तेव्हा त्याला काम दिसतं. परवा पोरीनं ते भिंग पळवलं आणि कुंडीत पेरलं. का? तर झाड येईल, झाडाला पुष्कळ भिंगं येतील, मग बाबांना कधी शोधावं लागणार नाही. रोज पाणी घालते. आणि बाप दुकानात आंधळा बसलाय, गिऱ्हाइकाला सांगतोय उद्या या!'"

धाकटीनं हसून तोंडावर हात ठेवला.

"आणि इथे थांबायची. मग मागून कुणीतरी विचारायचंच. कितीही मेलेला असो, विचारायचा. 'मग? उगवलं का?' तुझी आई म्हणायची, 'सांगते. पुढचं वळण जाऊ दे.' वळण गेलं की म्हणायची, पूल जाऊ दे. असं करत करत दवाखाना यायचा. मग शेवट सांगायची. प्रत्येकाला वेगळा. कुणाला झाड आलं, कुणाला मांजरीनं उकरून काढलं, एकाला तर म्हणाली की कुंडीतून घड्याळाचा आवाज यायला लागला. त्या एका कुंडीच्या जिवावर किती माणसं पोचवली तिनं!"

"सगळी पोचली?" मधल्यानं विचारलं. त्याचा आवाज हेडमास्तरांचा राहिला नव्हता.

कंपाउंडर काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला.

"नाही. कसे पोचतील सगळे? कुणी पुलापर्यंत यायचा आणि 'मग?' म्हणेनासा व्हायचा. तरी ती गोष्ट सोडायची नाही, पुढे चालूच ठेवायची, मी खिडकीवर टकटक करेपर्यंत. युद्ध संपलं तेव्हा मला म्हणाली, 'कंपाउंडर, घरी जाऊन पोरीला ही गोष्ट कशी सांगू? तोंड उघडलं की ते सगळे मागे येऊन बसतात.' तेव्हापासून आम्ही भेटलो नाही."

 आई डोक्यावरून हात फिरवून गप्प उभी राहायची ते थोरलीला आठवलं. ओठ जरासे हलायचे आणि परत मिटायचे.

"आणि तो फोटो?" तिनं विचारलं. "इतकी कशाला हसली होती?"

"तुझ्यावर!" कंपाउंडर म्हणाला. "एका सैनिकाला आम्ही जवळजवळ गेलाच समजून आणला होता. पूर्ण बेशुद्ध. त्या दिवशी दवाखान्यात त्यानं डोळे उघडले. डॉक्टरनं विचारलं, नाव काय? हा म्हणतो, 'उगवलं का?' डॉक्टरला वाटलं डोक्याला मार लागलाय. आम्ही बाहेर येऊन जे हसत सुटलो! तिथे एक फोटोवाला उभा होता."

 बाहेर माईक पुन्हा किंचाळला.

"आता मला सांगा," कंपाउंडर म्हणाला, "इतकी वर्षं डोक्यात आहे. फोनवर विचारायला संकोच वाटायचा. खरं काय झालं त्या भिंगाचं?"

थोरलीनं बाबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बाबांनी खिडकीकडून मान वळवली.

"उगवलं," ते म्हणाले. "दोन उगवली."

"म्हणजे?"

"ती जायची होती त्या सकाळची गोष्ट. आम्ही रात्रभर विचार करत होतो, हिला सांगायचं कसं. सांगितलं असतं तर ही गाडीमागे धावली असती. मग तिला कुंडी आठवली. माझ्याकडे एक जुनं भिंग होतं, कडेला तडा गेलेलं. ते तिनं पहिल्याशेजारी मातीत पुरलं. ही उठली तशी म्हणाली, 'जा, बघ तुझं पीक आलंय का.' ही धावत अंगणात गेली आणि उकरायला बसली."

थोरलीच्या बोटांना एकदम गार, ओली माती लागली. कुठून आली कोण जाणे. नखांत गेलेली माती, आणि तळहातावर चकाकणारे दोन गोल. दोन! ती ओरडत घरात आली होती. कुणाला दाखवायला?

"मी आत आले तर ती नव्हती," ती हळूच म्हणाली.

"घरात नव्हती. फाटकाबाहेर होती. भिंतीआड उभी. तुला दुसरं भिंग सापडलं आणि तू किंचाळलीस, ते ऐकूनच ती निघाली. ऐकल्याशिवाय पाऊल उचलणार नव्हती. गाडीवाला हॉर्न वाजवून दमला."

"बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं का नाही?"

"मला वाटायचं, ती सांगेल. तिला वाटायचं, सांगता येईल तेव्हा सांगू." बाबांनी आपले हात पाहिले. "आम्ही दोघंही उद्यावरच ढकलत राहिलो, पोरी. चुकलंच ते."

 थोरलीनं त्यांचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

"हा शेवट तिनं आम्हाला कुणालाच कधी सांगितला नाही," कंपाउंडर म्हणाला. "इतके शेवट सांगितले, पण हा नाही."

"तो घरचा होता," बाबा म्हणाले.

दारात अध्यक्ष येऊन उभे राहिले. सगळे बसलेत, म्हणाले, सुरू करू या. मधल्यानं खिशातलं भाषण बाहेर काढलं, त्याच्या पहिल्या ओळीकडे पाहिलं आणि परत घडी घातली.

"ताई," तो म्हणाला, "तू बोल. माझ्या भाषणात नुसतं शौर्य आहे."

"मला भाषण येत नाही रे."

"नको करूस. उभी राहा फक्त." आणि लहानपणी शाळेत सोडताना ती त्याला जशी हलकेच ढकलायची, तसं त्यानं तिला खांद्याला धरून पुढे केलं.

*

कापड सरकलं आणि त्या ताठ माना नि मिटलेल्या तोंडांच्या रांगेत आई हसताना दिसली. हॉलमध्ये खुसखुस झाली. टाळ्या वाजल्या. थोरली माईकपुढे उभी राहिली. समोर पांढरी डोकी, मागे कुठेतरी बशीवर कप ठेवल्याचा आवाज. धाकटी पहिल्या रांगेत, वहिनीचा हात घट्ट धरून बसली होती.

"ही माझी आई," ती म्हणाली. "तिच्या शेजारी कंपाउंडर आहेत. ते आज आलेत. तिथे, उशीवर बसलेत ते." लोक वळून बघू लागले. कंपाउंडर अर्धवट उठला, आणि काय करावं न सुचून परत बसला. त्याच्यासाठी टाळ्या जरा जास्तच वेळ वाजल्या.

"मला आईबद्दल फारसं माहीत नाही," थोरली पुढे म्हणाली. "घरी ती यातलं काही बोलली नाही. का बोलली नाही, ते मला आत्ता कळलं, इथे शेजारच्या खोलीत. म्हणून मी सांगण्यापेक्षा विचारते." ती थांबली.  "तिच्या गाडीतून तुमच्यापैकी कोण कोण आलं होतं?"

 मग दुसऱ्या रांगेतून एक हात वर गेला. भिंतीपाशी आणखी एक. दुमडलेल्या बाहीच्या माणसानं आपला उरलेला हात वर केला. मग मागून एक, मधून एक. काहींनी काठीच वर धरली होती.

"तोंड नाही पाहिलं आम्ही कधी," दुमडलेल्या बाहीचा माणूस म्हणाला. "आडवे होतो. नुसता आवाज. एक पोरगी होती, तिनं कुंडीत भिंग पेरलं..."

"आणि झाड आलं!" भिंतीजवळचा म्हणाला.

"झाड कसलं? मांजरीनं उकरलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं मांजर? माझ्यासमोर सांगितलं बाईनं, कुंडीतून टिकटिक ऐकू येत होती."

"तुम्ही शुद्धीवर होता का?"

"तुमच्यापेक्षा बरा होतो!"

"मी तर अर्ध्यातच बेशुद्ध पडलो," मागच्या रांगेतला एक जण उठून म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता. "मला शेवट मिळालाच नाही. इतकी वर्षं बायकोला विचारतोय, काय झालं असेल. ती म्हणते, मला काय माहीत, मी होते का गाडीत?"

सगळा हॉल हसला. अध्यक्ष उठून शांतता, शांतता करू लागले, पण त्यांचं ऐकायला कुणी तयार नव्हतं. ती म्हातारी माणसं खुर्च्या वळवून वळवून एकमेकांशी भांडत होती, बोटं नाचवत होती, आणि त्यांच्या वर भिंतीवर आई तोंड भरून हसत होती. कंपाउंडर उशीवर बसून डोळे गच्च मिटून हसत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मग दुमडलेल्या बाहीच्या माणसाच्या काहीतरी लक्षात आलं. त्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि थोरलीकडे पाहिलं.

"बाई," त्यानं विचारलं, "ती पोरगी तुम्हीच ना?"

"हो."

"मग आता तुम्हीच सांगा. खरं काय झालं?"

खुर्च्यांची कुरकुर थांबली. थोरलीनं बाबांकडे पाहिलं. शेवट घरचा होता. बाबांनी आधी त्या भिंतीवरच्या हसण्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेत अजून उभ्या असलेल्या त्या माणसाकडे, आणि मग मान डोलावली.

"बसा तुम्ही," थोरली त्या माणसाला म्हणाली. "पहिल्यापासून सांगते."